रेसकारला टोचन लावायचं तर जोंगाच

रेसच्या गाडीवर सगळे लिहितात. तिला ट्रॅकपर्यंत ओढत नेणाऱ्या गाडीवर कुणी चार ओळी खरडत नाही, म्हणून आज मी लिहितोय. माझं मत पक्कं आहे: आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत या कामाला जोंगाच्या, म्हणजे लष्कराच्या त्या जुन्या दणकट गाडीच्या तोडीची गाडी नाही.

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचा विषय निघाला की दसऱ्याला बाहेर पडणारी छत्रपतींची मेबॅक मोटार, नाहीतर जीप. मेबॅकला मुजरा. जीपचा नाद मलाही आहे, सीजे-3बी बघितली की अजून मान वळते. पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 80 इंचांचा. कोल्हापुरातल्या मोहिते ट्रॅकवर कार्ट, म्हणजे छोटी रेसगाडी, न्यायची असेल तर ती बास झाली. मागे ट्रेलरवर अख्खी रेसकार असली की मात्र एवढ्या आखूड गाडीला ट्रेलर हलवतो. बेळगावकडनं परत येताना तवंदी घाट उतरायला लागलात की पटेल. चढाला ओढायला कुठलीही गाडी ओढते हो, पहिल्या गियरमध्ये का असेना. उताराला मागचं वजन ढकलायला लागल्यावर जी आवरून धरते, ती टोचनाची गाडी.

जोंगा जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या परवान्यावर बनायची. चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, 110 अश्वशक्ती. 1999 ला बनायची बंद झाली. लष्कराच्या लिलावातून ज्या बाहेर आल्या, त्यातल्या बहुतेकांचं पेट्रोल इंजिन काढून लोकांनी डिझेल बसवलं. अॅव्हरेजसाठी केलं, समजू शकतो. पण उताराला पाय काढला की पेट्रोल इंजिनचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होतो आणि इंजिनच गाडीला मागं धरतं. साध्या डिझेलला तशी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळं ते तेवढं धरत नाही. ब्रेक ड्रमचे, ते तापले की गेले. अशा वेळी खालच्या गियरमधलं ते मूळ इंजिनच तुम्हाला खाली सुखरूप आणतं.

गाडी कशी चढवता यावरही निम्मा खेळ आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर आला पाहिजे. फॉर्म्युला कारचं, म्हणजे एकाच सीटच्या उघड्या चाकांच्या रेसकारचं, इंजिन मागे असतं. ती नाकानं वर चढवली की जड बाजू ट्रेलरच्या आसाच्या मागं जाते, हूक हलका पडतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून फळ्या लावून ती उलटी ढकलायची, इंजिन हुकाकडे. मग लांब उभं राहून जोंगाचे मागचे स्प्रिंगचे पाटे बघायचे. किंचित बसले पाहिजेत, पार सपाट नाही. त्यानंतरच पट्टे आवळायचे. उद्यमनगरात लेथवर टोचनाची पिन करून देणारे हात अजून आहेत, पण चढवायची ही रीत नव्या पोरांना कुणी दाखवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्या दारातनं जाणारा हायवे, जुना एनएच 4 आणि आताचा 48, बेंगळुरू ओलांडून थेट इरुंगाट्टुकोट्टैला चेन्नईच्या ट्रॅकजवळनं जातो. साधारण नऊशे किलोमीटर. 1990 साली तो ट्रॅक सुरू व्हायच्या आधी शर्यती चेन्नईजवळच्या शोलावरमच्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. एवढ्या लांबच्या पल्ल्याला आज सगळे टेम्पोच्या हौद्यात गाडी टाकतात. सोयीचं आहे, मान्य.

मर्सिडीजनं 1955 मध्ये रेसकार वाहून न्यायला एक निळा ट्रक बनवला होता, 300 एसएलचं इंजिन टाकून, ताशी 160 किलोमीटरच्या वर पळणारा. 1967 ला त्यांनीच तो भंगारात काढला आणि पुढं हळहळत तसाच दुसरा नव्यानं बनवून घेतला. आपण जोंगाचं तेच करतोय. रुंद टायर, क्रोम, आणि मागचा मूळ हूक कापून तिथं स्पेअर व्हीलचं स्टँड!

अजून एक. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीत 'व्हीए'चा नंबर मिळतो, पण त्यावर रस्त्यावर नियमित वापर चालत नाही. गाडी कामाला लावायची असेल तर त्या नंबरच्या मागं लागू नका, साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करत राहा.

कुणाच्या शेडमध्ये मूळ पेट्रोल इंजिनची, हूक शाबूत असलेली जोंगा उभी असेल तर ग्राइंडर लावायच्या आधी मला इनबॉक्स करा. मी बघायला येतो.