वोदेना, एदेसा आणि माझं उस्मानाबाद

ग्रीसमधल्या थेसालोनिकीत राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी गेलो होतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट चाळला आणि विचारलं, "ओस्मान...? हे तुर्कस्तानात येतं का?" जन्मस्थान: उस्मानाबाद. त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत पेटलेलं. २०२३ला धाराशिव झालं तरी काका उस्मानाबादच म्हणतात, म्हणून पुतण्याने त्यांना सुनावलं होतं. काकांचं उत्तर एका ओळीचं: "दाखल्यावर तेच आहे, जिभेला काय सांगू?"

मला एदेसा आठवलं. इथून नव्वदेक किलोमीटरवरचं जिल्ह्याचं ठिकाण. भर गावातून ओढे वाहतात आणि कड्यावरून धडाडत खाली कोसळतात. कठड्याशी दोन मिनिटं उभं राहिलं की चष्मा पुसावा लागतो. एदेसा हे प्राचीन मॅसेडोनियन नाव पाण्यासाठीच्या एका फ्रिजियन (ही एक प्राचीन भाषा) शब्दावरून आलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पुढे स्लाव आले आणि गाव वोदेना झालं. 'वोदा' म्हणजेही पाणीच, आपल्या उदकाचा चुलतभाऊ. १९१२ साली गाव ग्रीसमध्ये आल्यावर जुनं नाव परतलं. वोदेना मात्र हजारेक वर्षं चालल्यावरही पाट्यांवरून गेलं. गंमत म्हणजे गावातल्या जुन्या वस्तीला अजून वारोसी म्हणतात. तो शब्द तुर्कीतून आलेला, त्याच्या मागे हंगेरियन. तो कुणाला खुपला नाही.

त्याहून मजेशीर गोष्ट बकऱ्यांची. रोमन काळातला इतिहासकार जस्टिन लिहितो की मॅसेडोनियाचा दंतकथेतला पहिला राजा कारानोस याने धुक्यात बकऱ्यांच्या मागोमाग जाऊन एदेसा घेतलं आणि बकऱ्यांवरूनच त्याला एगाए नाव दिलं. म्हणजे नामांतर तेव्हाही! मॅसेडोनियाची पहिली राजधानी एगाए ती हीच, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं. १९७७ साली पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांनी व्हेर्गिना या दुसऱ्या गावी राजघराण्याच्या कबरी उकरल्या आणि तो मान तिकडे गेला. मोठ्या धबधब्याचं नाव मात्र अजून कारानोस.

मी धाराशिवच्या बाजूचा आहे. उस्मानाबाद हे निजामाचं नाव, धाराशिव त्याआधीचं. गावाबाहेरची लेणीही त्याच नावाची. (लहानपणी मला ती पाण्याची धार वाटायची. आमच्या दुष्काळी भागात! मग आजीने धारासुराची गोष्ट सांगितली.) पण जुनं नाव परत आणणं वेगळं आणि मधलं नाव उच्चारणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं वेगळं. आणि अभिमान बांधायचाच तर जरा सैल बांधावा. कुठल्या टेकाडाखालून काय निघेल सांगता येत नाही.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईने शेवटी लिहिलं काय?"

उस्मानाबादच लिहिलं. ग्रीक लिपीत ते इतकं लांबलं की रकान्याबाहेर गेलं.