छातीवर ठोकून थायमस जागा होत नाही

"रोज सकाळी छातीच्या मधोमध बोटांनी 20 वेळा ठोका. झोपलेला थायमस जागा होतो, टी पेशी वाढतात, आजार जवळ फिरकत नाहीत." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. शेजारच्या काकू तर बाल्कनीत उभ्या राहून, मोजून ठोकतात. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

थायमस नावाचा छोटा अवयव छातीच्या मधल्या हाडामागे असतो, एवढं त्यातलं खरं. पण ठोकून टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, तयार होत नाहीत. त्यांचं मूळ अस्थिमज्जेत. तिथल्या कोवळ्या पेशी रक्तातून थायमसमध्ये येतात आणि तिथल्या पेशींकडून मिळणाऱ्या रासायनिक इशाऱ्यांवर टी पेशी बनू लागतात. यातल्या एकाही पायरीला बाहेरचा ठोका लागत नाही.

"टी पेशी जितक्या जास्त तितकं चांगलं" हे तर साफ चुकीचं. प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे कसेही जुळवून आपला रिसेप्टर, म्हणजे समोरचं काय आहे ते ओळखणारा भाग, बनवते. त्यामुळे बऱ्याचशा निकामी निघतात आणि काही चक्क आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या. म्हणून आधी थायमसच्या बाहेरच्या थरात परीक्षा होते: आपल्या पेशी जंतूंचे तुकडे ज्या रेणूंवर मांडून दाखवतात, ते रेणू हिला ओळखता येतात का? नाही आले तर ती मरते. मग आतल्या भागात, मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. तिथल्या काही पेशी 'एअर' नावाच्या जनुकाच्या जोरावर इन्शुलिनसारखी दुसऱ्याच अवयवांची प्रथिनंही थोडी थोडी बनवून दाखवतात. ती पाहून जी टी पेशी चवताळते, तिला बहुतेक वेळा तिथेच संपवलं जातं. काही नियंत्रक, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या, पेशी होतात. बाहेर पडतात त्या शंभरातल्या जेमतेम तीन-चार. 'एअर' जनुक बिघडलेल्या मुलांमध्ये टी पेशी स्वतःच्याच ग्रंथींवर तुटून पडतात. नको त्या पेशी काढून टाकणं हेच थायमसचं मोठं काम आहे.

आता "झोपलेला" थायमस. मराठीत त्याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात ते उगीच नाही. वयात आल्यावर तो आकसतो, तिथे चरबी भरते. पण तोवर तयार झालेल्या टी पेशी बाहेर टिकतात, वाढतात. 1961 साली लंडनमध्ये संशोधक जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला, तेव्हा पिल्लं खंगून गेली. मोठ्या उंदरांना लगेच तसा फटका बसत नाही. तरी मोठेपणी तो निरुपयोगी असतो असंही मी म्हणणार नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांमध्ये 5 वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. तो उरतो तेवढं काम करतोच, ठोका किंवा ठोकू नका.

"करून पाहायला काय जातं?" ठोकण्याने काही जात नाही. पण काकूंनी यंदाची फ्लूची लस घेतलेली नाही, "आता हे करते ना" म्हणून. थायमसने वर्षांपूर्वी पारखून दिलेल्या टी पेशींना खरं काम मिळतं ते त्या लसीने. शनिवारी मी त्यांना घेऊन जातोय.