संग्रह किती, एवढंच मोजणार?

आज एका ग्रुपवर कवी-संपादक पुरुषोत्तम पाटलांचा विषय निघाला आणि एका शहाण्याने विचारलं, "कवितासंग्रह किती? दोनच ना?" डोकंच फिरलं. हो बाबा, ‘तळ्यातल्या सावल्या’ आणि ‘परिदान’. झालं मोजून? मग हेही मोज: १९८५ साली धुळ्यातून ‘कविता-रती’ सुरू केलं, निव्वळ कवितेचं द्वैमासिक, आणि २०१७ मध्ये गेले तोवर त्यातच जीव. खान्देशाला हे वेड जुनंच. जळगावातून नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्येच ‘काव्यरत्नावली’ हे कवितेचंच नियतकालिक काढलं होतं.

कवितेचा अंक म्हणजे आलं ते छापलं, असं नसतं हो. ओळ रुंदीत मावली नाही की उरलेले दोन शब्द खाली येतात आणि वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. ते शब्द आत सरकवून लावावे लागतात. कडवं नेमकं पानाच्या तळाशी संपलं तर मधली मोकळी जागा गायब, दोन कडव्यांचं एक होतं. सगळ्यात घातक म्हणजे हुशार मुद्रितशोधक. कवीने वृत्तासाठी मुद्दाम ‘नदि’ लिहिलेलं असतं, हा इमानेइतबारे ‘नदी’ करतो. लघूचा गुरू झाला, एक मात्रा वाढली, ओळ लंगडली. हे पकडायला वृत्त कानात मुरलेला मराठीचा मास्तरच लागतो. पुपा, म्हणजे आपले पुरुषोत्तम पाटील, प्राध्यापक होते, ते असं कामी येतं.

संपादकाच्या आवडीनिवडी अंकात उतरतात, ओळखीच्यांना जागा मिळते. मान्य. पुढे.

"दोनच ना!" अरे, छपाईचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, सोळा पानांचा. दोन पानं जास्त झाली की कुणाची तरी कविता पुढच्या अंकात ढकलायची. अशा वेळी कवी असलेला संपादक आधी स्वतःची काढतो, कारण तो एकटाच रुसत नाही. मग टपाल.   पत्ता बदललेल्या वर्गणीदाराचा अंक परत येतो.

जाऊ दे. त्या गृहस्थांवर आता तेवढा राग नाही. संग्रह कपाटात दिसतात, संपादन दिसत नाही. आणि आपण तरी कुठे मोठे लागून गेलो? वर्गणी संपल्याची चिठ्ठी आली की "भरू सावकाश" म्हणणारे इथेच निम्मे असतील. या पोस्टला लाइक नको. कवितेचं जे नियतकालिक आवडतं, त्याची वर्गणी आज भरा आणि सोबत पिनकोडसकट नीट पत्ता कळवा.