ऑइल काळं पडलं म्हणून मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. "एका तासाचं काम, तीन तास लावले. नवीन ऑइलचे पैसे घेतले आणि तिसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर ऑइल काळंकुट्ट. जुनंच परत भरतात, सावध राहा," असं तुम्ही लिहिलंय. उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या गाडीचा फिल्टर आमच्याकडे संपला होता, मुलाला कुर्ल्याला सीएसटी रोडवर पाठवावं लागलं, आणि शनिवारी दुपारी एलबीएस रोडने भांडुपला परत यायचं म्हणजे काय हे तुम्हालाही माहीत आहे. तरी गाडी घ्यायच्या आधीच आम्ही फिल्टर बघायला हवा होता. चूक आमची.

नुसत्या उशिरासाठी एक स्टार दिला असता तर मी गप्प बसलो असतो. पण "जुनंच परत भरतात" हे गळ्याखाली उतरत नाही. वडिलांनी सुरू केलेलं गॅरेज आहे, तीस वर्षं याच गल्लीत आहोत, आजवर असा आळ कुणी घेतला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची आधीची गाडी पेट्रोलची होती, हे तुम्हीच चहा घेताना सांगितलंत. पेट्रोल गाडीत नवीन ऑइल बरेच दिवस मधाच्या रंगाचं दिसतं. डिझेलचं तसं नाही. डिझेल जळताना काजळी होते, आणि त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरतेच. शिवाय चेंबरचा नट काढून कितीही वेळ ऑइल गळू दिलं (आम्ही इंजिन गरम करून वीस मिनिटं गळू देतो) तरी हेडमध्ये, बारीक नळ्यांमध्ये, ऑइल कूलरमध्ये थोडं जुनं राहतंच. नवीन ऑइल भरून गाडी एकदा सुरू केली की ते यात मिसळतं आणि रंग तिथेच बदलायला लागतो. तिसरा दिवस लांब राहिला, कितीतरी डिझेल गाड्यांत पहिल्या संध्याकाळीच ऑइल काळं दिसतं. नवीन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. ती काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाहीत, नाहीतर इंजिनात गाळ साचतो. म्हणजे काळं झालेलं ऑइल आपलं काम करत असतं. नुसत्या रंगावरून डिझेलचं ऑइल जुनं की नवं हे मलाही सांगता येणार नाही, आणि मी शाळा सुटल्यापासून हेच काम करतोय.

आता डब्याचं. पाच लिटरचा सीलबंद डबा होता. सील तोडताना मी तुम्हाला हाक मारली होती, तुम्ही फोनवर होतात, तिथूनच "करा, करा" म्हणालात. ओतून झाल्यावर प्रत्येक रिकाम्या डब्याला आम्ही भोक पाडतो, कारण चांगल्या कंपनीचे धड डबे गोळा करून त्यात बनावट ऑइल भरून विकणारे लोक आहेत. तुमच्या डब्यालाही पोरगा भोक पाडत होता. तुम्हीच त्याला थांबवलंत. गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला उपयोगी पडेल म्हणालात आणि डबा डिकीत ठेवून नेलात. गिऱ्हाईक मागतंय म्हणून मी दिला. त्याच खोक्यातले तीन डबे अजून माझ्या रॅकवर आहेत, आणि डीलरचं बिलही आहे. बॅच नंबर जुळवून बघा.

तुमचं जुनं ऑइल ट्रेमधून थेट मागच्या पिंपात गेलं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरतात, ते परवाना असलेल्या माणसालाच द्यावं लागतं, आणि आम्ही त्यालाच देतो.

महाग ऑइल गळ्यात मारलं असंही खाली लिहिलंय. तुम्हाला १५ डब्ल्यू ४० हवं होतं, जाड असतं, इंजिनाला चांगलं, असं तुमचं म्हणणं. मी गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. तुमची गाडी बीएस ६ डिझेल, सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी आहे. पुस्तकात ५ डब्ल्यू ३० आणि सी ३ दर्जाचं, कमी राखेचं ऑइल छापलंय. जाळीत अडकलेली काजळी गाडी आपोआप जाळून टाकते, पण ऑइलची राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते आणि एक दिवस जाळी तुंबते. नवीन जाळीची किंमत ऐकली की माणूस मटकन खाली बसतो. मुंबईत कुठे थंडी आहे, मग त्या ५ चा काय उपयोग, हेही तुम्ही विचारलं होतं. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आत्ता सांगतो. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंड इंजिनात पातळ राहतं. रात्रभर बिल्डिंगखाली उभी असलेली गाडी ३० अंशाला असली, तरी चालू इंजिनात ऑइल १०० अंशाच्या आसपास असतं. त्या हिशेबाने सकाळचं इंजिन थंडच. पातळ ऑइल लवकर वर पोहोचतं, आणि झीज त्या पहिल्या काही सेकंदांतच जास्त होते. स्वस्त ऑइल टाकून पाठवलं असतं तर त्या दिवशी तुम्ही खूश होऊन गेला असता, मला ते जमलं नाही. मजुरी ४०० रुपयेच घेतली, बिल बघा.

साहेब, आमचे रिव्ह्यू जेमतेम चाळीस. तुमच्या एका स्टारने ४.७ चे ४.६ झाले, आणि परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने डबा उघडताना माझ्या हाताकडे बघत उभं राहून खात्री केली. मला वाईट वाटलं. तुम्ही आधी एक फोन केला असता तर तेव्हाच दाखवलं असतं.

यापुढे बिलावर बॅच नंबर लिहू, डिझेलवाल्यांना रंगाचं आधीच सांगू, फिल्टरचा साठाही वाढवायचं बघतो.

रविवार सोडून रोज सकाळी ९ पासून मी गॅरेजवर असतो. डबा घेऊन या, नंबर जुळवू, लेव्हलही तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. डबा मात्र परत न्या, झाडांसाठी.