"वहिनी, जीप घेऊन भाजी आणणार काय?"

दुपारपासून डोकं फिरलंय. घरात कुणाशी बोलले तर भांडण होईल म्हणून इथं लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं जावं.

आमची ओम्नी व्हॅन २०११ ची. यंदा पंधरा वर्षं भरतात, पासिंग म्हणजे आरटीओची नोंदणी संपतंय. पुन्हा करून घ्यायचं तर पत्र्याचं काम, रंग, ग्रीन टॅक्स, फी, आणि एवढं करून मिळणार पाच वर्षं. पायाशी पत्रा असा खाल्लाय की खालनं रस्ता पळताना दिसतो. स्पीडोमीटर बंद पडल्यापासून मी त्यावरनंच अंदाज घेते. तेव्हा गाडी बदलायची हे घरात ठरलं. कुठली घ्यायची हे मी सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलेलं होतं. ईको व्हॅन. सरकती दारं, सीएनजी, मधली सीट काढली की डब्यांचे क्रेट बसतात. मेसवाल्या बाईला दुसरं काय लागतं?

आज रविवार, संध्याकाळची मेस बंद. भाऊजी आणि जाऊबाई जेवायला होते. तांबडा-पांढरा झाला, हात धुतले, आणि मी म्हटलं, "मी थार घ्यायची म्हणते." भाऊजींच्या तोंडात सुपारी होती, ती ठसक्यात अडकली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, जीप घेऊन भाजी आणणार काय मार्केट यार्डातनं?"

सगळे हसले. आमचे हे हसले. पोरगा हसला. मी पण हसले, आणि आता त्याचाच जास्त राग येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जीप हे माझं कालपरवाचं खूळ नाही. माझा मामा कोल्हापूरजवळच्या कळे गावचा. त्याची वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी जीप होती, महिंद्राची कमांडर, कोल्हापुरातलं गंगावेश ते कळे. पुढं चार, मधे पाच, मागं समोरासमोर आठ आणि फळीवर दोघं लोंबकळत. गिअरच्या दांड्यावर काचेसारखा गोळा, त्यात लाल गुलाबाचं फूल. मामा अर्धा दाराबाहेर बसून गाडी चालवायचा, कारण त्याच्या सीटवर पण एक तिकीट असायचं. सुट्टीत मी कळ्याला गेले की ऊस तुटलेल्या रानात मला शिकवायचा. "क्लच असा सोड पोरी, जसं झोपल्यालं पोर खाली ठेवतीयास." मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नंतर पोर झालं तेव्हा उलटं व्हायचं, त्याला खाली ठेवताना मला क्लच आठवायचा.

तर १९९९ चा मे महिना. मामाला सणकून ताप. शेवटची फेरी, गंगावेशीत गाडी भरलेली. मामा म्हणाला, "चल, तू घे." स्वतः चादर गुंडाळून शेजारी बसला. फुलेवाडीला एक आजी पाटी घेऊन चढली, मला बघितलं आणि तशीच खाली उतरली. "पोरगी चालवतीया व्हय? मला न्हाई यायचं." मामा चादरीतनंच म्हणाला, "आजी, फुडची गाडी उद्या सकाळी सातला हाय." आजी परत चढली.

ते परत चढणं मला आज दुपारपासून सारखं आठवतंय.

आता मला सांगा, भाऊजींकडं बुलेट आहे की नाही? आहे. कशाला लागते? महिन्यातनं दोनदा पन्हाळ्याला जाऊन चहा प्यायला. नोकरीवर मोपेडनं जातात. सायलेन्सर बदलून घेतला, पोलिसांनी काढून घेतला, परत दुसरा आणला. ह्या सगळ्यात एकदा तरी कुणी विचारलं का, की बुलेटवरनं भाजी आणणार काय? नाही. "शौक हाय त्याचा." माझ्या भावाचा शौक, पुतण्याचा शौक. आमच्या घरातल्या बायकांना शौक नसतो, सोय असते. मिक्सर सोयीचा, गाडी सोयीची, चप्पलसुद्धा धुता येते म्हणून प्लास्टिकची. आमच्याकडं बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात. बोलण्यात आम्ही आलो नि गेलो, पण गाडी घ्यायची वेळ आली की लगेच "मॅडम, कलर कुठला आवडतो?"

हो, हे पण घडलं. परवा दोन शोरूम फिरून आलो. कुठली ते सांगत नाही, दोन्हीकडं तोच प्रकार. मी विचारतेय, सर्व्हिस किती हजारावर, क्लच प्लेट केवढ्याला पडते. पोरगं उत्तर देतंय ह्यांच्याकडं बघून. ह्यांना चारचाकी चालवताच येत नाही. ह्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा सांगितलं, "गाडी ह्या चालवणार आहेत." तेव्हा ते पोरगं माझ्याकडं वळलं, आणि विचारलं काय, तर कलर.

बरं, मान्य करते, थारमध्ये सत्तर डबे बसत नाहीत. मी टेप घेऊनच गेले होते. मागची सीट वर ठेवली तर दोन क्रेट, आडवी केली तर जेमतेम चार, आणि आमटीचा कॅन मांडीवर. झालं समाधान?

पैशाचंही मला कुणी शिकवू नका, हिशोब मीच ठेवते. साडेतेरा लाखाचं कोटेशन. साडेतीन हातचे, दहाचं कर्ज, नऊ टक्क्यानं सात वर्षं. हप्ता १६,१०० च्या आसपास आणि व्याजच साडेतीन लाखांवर. डबा मी महिन्याला २,७०० ला देते. म्हणजे सहा माणसांचं महिनाभराचं जेवण सरळ बँकेला, आणि त्यांच्या चपातीचं पीठ, भाजीचं तेल मी माहेरनं आणायचं. कळतंय मला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, दीड लीटरच्या डिझेल थारला तो लागू होतो, म्हणून तर हिंमत झाली. त्या इंजिनाला फोर बाय फोर येत नाही, मागचीच चाकं फिरतात. भाऊजींना हा हुकमाचा एक्का वाटला. "मग घाटात कशी चढणार?" अहो, मामाच्या जीपची पण मागचीच फिरायची. सतरा माणसं घेऊन गगनबावड्यापर्यंत जायची ती, जत्रेच्या दिवसांत.

मला खरं चिडवलं ते ह्या विभागणीनं. एक स्वप्नातली गाडी, एक कामाची गाडी, आणि ह्यातली एकच निवडायची. कोल्हापुरात राहून असं म्हणता? गंगावेशीत म्हैस उभी करून समोर धार काढून देतात, ती म्हैस कामाची की शौकाची? वर्षभर शेण-चारा-धार, आणि दिवाळीच्या पाडव्याला त्याच म्हशीची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून मालक पुढं गाडीवर आणि ती मागनं पळतीय. दुसरी शौकाची म्हैस कुणी वेगळी पाळत नाही. रिक्षावाल्यांचं बघा. आपल्याकडं रिक्षा सुंदरी स्पर्धा होते. दिवसभर स्टँड ते राजारामपुरी मारणारी तीच रिक्षा, तिला आरसे, तिला गादी, तिला स्टीलच्या दांड्या, बक्षीस घेऊन दुसऱ्या दिवशी परत भाड्याला. नवीन राजवाड्याची मेबॅक मोटार तेवढी दसऱ्याला बाहेर पडते, सोनं लुटायला दसरा चौकात येते, आपण सगळे टाचा उंच करून बघतो. पण ते महाराजांचं. आपण म्हैसवाले.

(इथं चहा प्यायला उठले होते. आता जरा बरं वाटतंय.)

ओम्नीवर मी अन्याय करतेय असंही वाटायला लागलंय. सेकंडहँड घेतली तेव्हा मेसचे अकरा डबे होते. तीन सिलिंडरचं ते ७९६ सीसीचं इंजिन सीटच्या खाली, मे महिन्यात उद्यमनगरला पोचेपर्यंत आपलंच भरीत होतंय. एकदा सायबर चौकात कुत्रं आडवं आलं, ब्रेक मारला आणि पांढऱ्या रश्श्याचा अख्खा कॅन मागं उलटा झाला. तीन वर्षं तो वास गेला नाही. पावसाळ्यात दारं बंद केली की खोबरं-लसूण-वेलदोडा असा घमघमाट यायचा, गाडीत बसणारा प्रत्येकजण म्हणायचा, भूक लागली. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, गॅस नाही, तेव्हा ह्याच गाडीतनं आम्ही गल्लीतल्या बायकांनी केलेल्या भाकरी पूरग्रस्तांच्या छावणीत नेल्या. पाणी सायलेन्सरपर्यंत आलं की मागं फिरायचं, एवढाच नियम. आमच्या ओळखीतल्या एकानं बुडालेली भारीतली गाडी पाणी ओसरल्या ओसरल्या घाईनं चालू करून बघितली. आत पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला, आणि विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नव्हतं. गाडीपेक्षा डोकं शांत लागतं पुरात.

त्या वर्षीच कंपनीनं ओम्नी बंद केली, नवीन सुरक्षेच्या नियमांत बसेना म्हणून. बरोबरच आहे. पुढं नाक नाही, धडकली तर पहिले आपले गुडघे. तरी वाईट वाटलंच.

आमच्या किचनमध्ये चपात्या लाटायला येणारी ताई आहे. गाडी बदलायचं ऐकल्यावर तिनं लाटणं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "ताई, विकणार असला तर मला सांगा. दुसऱ्याला देऊ नका." मी म्हटलं, अगं पासिंग संपतंय, पत्रा गेलाय. म्हणाली, "आसूदे की. मी आणि माझा पोरगा करतो." तिच्या डोळ्यात जे होतं ते मी ओळखते. माझ्या ह्या खटाऱ्याकडं कुणी तसं बघत असेल हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ह्यावर जास्त लिहीत नाही, रडायला येईल.

असो. भाऊजी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुम्ही वाईट माणूस नाही. माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता रिक्षा तुम्हीच आणली होती. पण ते वाक्य परत म्हणू नका. त्या आजीनं निदान उतरून दाखवलं होतं, तुम्ही गाडीत बसून हसलात.

आजीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. बालिंग्याचा पूल येईपर्यंत ती "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत होती, पूल गेल्यावर झोपली. कळ्यात उतरताना भाडं मामाला दिलं आणि पाटीत उरलेली करवंदं, पानाच्या द्रोणातली, माझ्या मांडीवर ठेवली. बोलली काहीच नाही. घरी गेल्यावर मामानं शर्टाच्या खिशातनं वीसची नोट काढली. "ड्रायव्हरची मजुरी." लग्नात पर्स हरवली तेव्हा ती नोट गेली. सगळ्या दागिन्यांत मी तीच नोट शोधत होते.

संध्याकाळी शेवटी मामालाच फोन लावला. आता पंच्याहत्तरीचा आहे, ऐकायला कमी येतं. मला वाटलं, हा एक माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल. सगळं सांगितलं. थार, हप्ता, भाऊजी, सगळं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सीटा किती हाईत?"

"चार."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मग बाकीची माणसं कुठं बसवायची?"

मी हसले ते डोळ्यात पाणी येईपर्यंत. ज्यानं हे वेड लावलं तोच व्हॅन घे म्हणतोय. म्हटलं, मामा, बाकीची माणसं नाहीतच, मी एकटीच बसणार आहे. त्यावर पुन्हा थोडा थांबला आणि म्हणाला, "रईवारी येतो. बंद गाडीचं काय सांगू मी? इंजान ऐकू दे मला."

तर पुढच्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह ठरलीय. ईकोचीही आणि थारचीही, दोन्हीची. चालवणार मी. शेजारी मामा. आमचे हे म्हणाले मी घरीच थांबतो. भाऊजी, तुम्हाला यायचं असेल तर मागं जागा आहे. फक्त थारला मागं दार नाही हं, पुढची सीट पाडून, वाकून आत शिरावं लागतं. गुडघ्याला पट्टा बांधून या.