टोकियोत रात्रीपेक्षा सकाळ सांभाळा

टोकियोत एकट्याने फिरणाऱ्या बायकांसाठीच्या तुमच्या लेखात 'अंधार पडायच्या आत हॉटेलवर परता' असं लिहिलंय. तिथे मी एकटी बारा दिवस राहिले, मला हे उलटंच वाटलं. रात्री अकराला कोंबिनीतून, म्हणजे उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, ओनिगिरी (भाताचा गोळा) घेऊन चालत यायचे, कुणी ढुंकून पाहत नव्हतं. त्रास झाला तो सकाळी आठच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये. नको तिथे हात! याला तिथे 'चिकान' म्हणतात, म्हणजे शब्दच रुळलाय, यावरून काय ते समजा. आयुष्य मुंबईच्या लेडीज डब्यात गेलेलं, पण तिथे माझी वाचाच बसली.

दुसऱ्या दिवसापासून फलाटावरच्या गुलाबी खुणा शोधून बायकांच्या डब्यात चढू लागले. हा डबा सगळ्या मार्गांवर नसतो आणि बहुतेक ठिकाणी फक्त कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीपुरताच असतो, हे लेखात यायला हवं होतं. टोकियो पोलिसांचं 'डिजी पोलीस' नावाचं मोफत ॲपही आहे. तोंडातून शब्द फुटत नसेल तर मदतीचा मजकूर पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवता येतो, मोबाइललाच ओरडायलाही लावता येतं.

रस्ता चुकलात तर कोपऱ्यावरच्या 'कोबान'मध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, बिनधास्त शिरा. हॉटेलचा पत्ता जपानीत लिहिलेलं कार्ड मात्र जवळ हवं. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिकेचा ११९. काबुकिचो या बार-क्लबांच्या भागात 'या, बसा' करत मागे लागणाऱ्या दलालांकडे बघूसुद्धा नका. आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, मग पहाटे पाचपर्यंत टॅक्सीचं बिल बघून घाम फुटतो!