मुलांना ‘हॉट फझ’पासून वाचवा!

परीक्षा संपल्या आहेत, मुलं घरात आहेत आणि रिमोट त्यांच्या हातात आहे. अशा वेळी दक्ष पालकाने आधी कशाचा बंदोबस्त करावा, असं मला विचाराल तर सांगेन, २००७ साली आलेल्या ‘हॉट फझ’ या ब्रिटिश सिनेमाचा. ‘कॉमेडी आहे, अमेरिकी पोलिसांच्या मारधाडीची टिंगल केलीय’ असं म्हणून पोरं तुमच्या डोळ्यांत धूळ फेकतील. कॉमेडी म्हटलं की आपण निर्धास्तपणे कुकर लावायला उठतो. उठू नका.

आधी कायदा बघू. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने याला ‘१५’ प्रमाणपत्र दिलं. म्हणजे चौदा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराला तिथल्या थिएटरात प्रवेश नाही, मग आई एका बाजूला आणि बाप दुसऱ्या बाजूला बसला तरीही. अमेरिकेत ‘आर’. तिथे सतराच्या आतलं मूल पालकासोबत आलं की खुशाल बसू शकतं. सिनेमा एकच, रक्त तेवढंच. आपण दोन्ही देशांचा मान राखावा: मुलाला बाहेर ठेवावं आणि पालकाने आत जाऊन बसावं.

रक्ताचं म्हणाल तर ते भरपूर आहे. चर्चवरचा दगडी सुळका सुटतो आणि खाली उभ्या असलेल्या बातमीदाराच्या डोक्यावर येऊन पडतो. डोकं होतं तिथे आता सुळका, आणि खाली धड. शेवटी तर एका सद्गृहस्थाच्या हनुवटीतून खेळण्यातल्या गावाच्या इवल्याशा चर्चचा कळस आरपार जातो, तरी तो बोलतोच आहे. मुलं अशा वेळी किंचाळत नाहीत, खिदळतात. पण खरं सांगू? रक्ताची मला तितकीशी काळजी नाही. मोबाइलवरच्या गेममध्ये ते रोज सांडतंच. काळजी संस्कारांची आहे.

नायकच बघा ना. निकोलस एंजल, लंडनचा पोलीस. सायमन पेगने तो इस्त्री केल्यासारखा कडक उभा केलाय. इतरांपेक्षा चारशे टक्के जास्त गुन्हेगार पकडतो. याचं बक्षीस काय? वरिष्ठ त्याला बोलावून गोड हसतात आणि ग्लॉस्टरशरमधल्या सँडफर्ड नावाच्या खेड्यात बदली करतात. का, तर याच्यामुळे बाकीचे कामचुकार दिसायला लागले. आपल्या मुलांना ही गोष्ट पहिली नोकरी लागल्यावर कळायची असते. पंधराव्या वर्षी कळली तर अभ्यास कोण करणार?

गावात पोचल्याच्या रात्री हा पबमध्ये शिरतो आणि वय भरलेलं नसताना बीअर पिणाऱ्या पोरांना हुसकून लावतो. इथपर्यंत मुलाला दाखवायला हरकत नाही; हवं तर दोनदा दाखवा. पण मग हाच गृहस्थ दारू पिऊन गाडी काढणाऱ्या एकाला पकडून कोठडीत टाकतो आणि सकाळी उलगडा होतो की तो तिथलाच कॉन्स्टेबल आहे, वर इन्स्पेक्टरसाहेबांचा चिरंजीव. शिक्षा काय, तर सगळ्या ठाण्याला केक. असले प्रकार फक्त इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत होतात, असं मुलाला ठामपणे सांगा. सांगताना त्याच्या डोळ्यांत बघू नका.

याच ठाण्यात शिव्यांची दानपेटी आहे. तोंडातून शिवी गेली की पैसे टाकायचे, आणि कुठल्या शिवीला किती याचं रीतसर दरपत्रक भिंतीवर. प्रत्येक शब्दातलं एक अक्षर खाऊन तिथे फुली मारलीय, म्हणजे बघणाऱ्याने मनातल्या मनात भरावं. इंग्रजी माध्यमाची फी भरून जे जमलं नाही, ते या एका फलकाने साधतं.

आणि कागदपत्रं! ‘पोलीस’ म्हटलं की मुलांना गाड्यांचा पाठलाग आणि हवेत झेपावत दोन्ही हातांनी गोळ्या झाडणं आठवतं. या सिनेमावाल्या मंडळींनी पटकथा लिहायच्या आधी खऱ्या पोलिसांना गाठून माहिती काढली आणि पोरांच्या स्वप्नांवर पाणी ओतलं. इथे फॉर्म भरण्याचे प्रसंग मारामारीसारखे खाटखाट कापलेले आहेत, आणि गावाची चाळण करणारी शेवटची धुमश्चक्री आटोपल्यावर वीर काय करतात? टेबलाशी बसून अहवाल लिहितात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या सिनेमात गुंड, मवाली, तस्कर असं कोणीच नाही. खुनी कोण, तर गावची दक्षता समिती! डॉक्टर, पाद्री, हॉटेलच्या मालकीणबाई, सुपरमार्केटचा मॅनेजर (दोनदा जेम्स बाँड झालेला टिमथी डाल्टन) आणि या सगळ्यांच्या पाठीशी खुद्द इन्स्पेक्टरसाहेब. यांचा एकच ध्यास, सर्वोत्कृष्ट गावाचं बक्षीस. त्यासाठी कोणाला मारलं? नाटकात वाईट काम करणाऱ्या जोडीला. गावाला न शोभणारं घर बांधणाऱ्या श्रीमंताला. पेपरात शुद्धलेखनाच्या चुका करणाऱ्या त्या सुळकेवाल्या बातमीदाराला. उत्तम बाग फुलवणाऱ्या बाईला, कारण ती गाव सोडून चालली होती. आणि किल्ल्याखाली सापडतात रस्त्यावर खेळ करणारे, पुतळा होऊन उभा राहणारा एक, आणि चौकात टोपीवाले जर्किन घालून नुसतीच घुटमळणारी किशोरवयीन पोरं. सगळं काही सर्वांच्या भल्यासाठी.

मला तर या समितीकडे बघून गहिवरून आलं. गावाची एवढी तळमळ हल्ली कोणाला असते? पद्धत जरा टोकाची आहे, मान्य. पण पोरांनी जिन्यात बसू नये, मोठ्याने हसू नये, वाटेल ते बघू नये, यासाठी रात्रंदिवस झटणाऱ्या माणसांना खलनायक करून मुलांसमोर ठेवायचं? उद्या तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलांनी काय बघावं’ याचा ठराव टाकलात आणि तुमचीच लेक तुमच्याकडे बघून गालात हसली, तर दोष कोणाचा?

त्यात कहर म्हणजे गावातल्या पाळतीच्या कॅमेऱ्यांवर रंग फवारून पोलिसाला मदत करतात ती कोण? तसलीच टोपीवाली, अजून जिवंत असलेली पोरं.

हे सगळं एडगर राइट नावाच्या दिग्दर्शकाला सुचलं कसं, याचा तपास केलात तर झोप उडेल. सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण सॉमरसेटमधल्या वेल्स इथे झालं. हा मुलगा तिथेच वाढला. तिथलं भलंथोरलं कॅथीड्रल खेड्याच्या मानाने फार भारदस्त दिसत होतं, म्हणून कॉम्प्युटरवर चक्क पुसून टाकलं. याच वेल्समध्ये, विशीसुद्धा गाठलेली नसताना, त्याने मित्र गोळा करून पोलिसपटांची टिंगल करणारी हौशी फिल्म काढली होती. तेव्हाच कोणी कॅमेरा काढून घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

म्हणून लक्ष ठेवा. चिरंजीव हल्ली मित्रांना घेऊन वारंवार गच्चीवर जातात, एक पोरगा पाण्याच्या टाकीशी मरून पडलाय, दुसरा मोबाइल आडवा धरून त्याच्याभोवती फिरतोय आणि तिसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर टोमॅटो सॉस आहे, असं दिसलं तर फार उशीर झालाय असं समजा. शर्ट आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्यात डाग बसतो.